'निर्मनुष्य' दरीतली माणसे

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी रतनगडावर एक ललित लेख लिहिला होता. तेव्हा तो पुष्कळांना आवडला. पुढे पदव्युत्तर वर्गाला 'प्रवासवर्णन' हा वाङ्मयप्रकार शिकवताना, नमुना म्हणून द्यायला दुसरे काही हाताशी नाही अशी सबब सांगून, मी त्याच लेखाच्या छायाप्रती वाटल्या. (शिक्षकाला एवढा मोह माफ असावा.) लेखात रतनवाडीच्या पहाटेचे वर्णन होते: धुके, पाण्यावर उतरणारा प्रकाश, मागे गडाचा काळाकभिन्न खुट्टा, आणि 'निर्मनुष्य दरी'. वर्ग वाचत होता. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, दरी निर्मनुष्य होती, तर पुढच्या पानावर तुम्ही पिठलं-भाकरी खाल्लीत ती कोणी केली?"

वर्ग हसला. मीही हसलो, अडचणीचा प्रश्न हसण्यावारी नेणे ही आमच्या पेशातली जुनी युक्ती आहे. तास संपल्यावर तो व्हरांड्यात थांबला होता. मुलगा त्याच भागातला, धरणाच्या पल्याडच्या एका वाडीचा. "राग नाही सर," तो म्हणाला, "पण आमच्याकडं कुणी आलं की असंच लिहितं. चित्रात आम्ही नसतोच. असलो तर खाली कोपऱ्यात, भाकरी घेऊन."

त्या सुट्टीत मी जवळची भटकंतीची पुस्तके, दिवाळी अंक आणि रविवार पुरवण्यांची कात्रणे काढून बसलो. प्रदेश एकच धरला: अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो) अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे प्रवरेचे वरचे खोरे आणि त्याच्या भोवतीचे गड. थोडे अपवाद सोडले तर माझे ते वाक्य जिथे तिथे होते. कुठे 'निर्मनुष्य', कुठे 'अनाघ्रात', कुठे 'मानवी स्पर्शापासून दूर'. हा केवळ शब्दांच्या निवडीतला ढिलेपणा आहे असे मला आता वाटत नाही. मराठी दुर्गसाहित्याने, आणि त्याच्या पोटातून निघालेल्या पर्यटनी गद्याने, या खोऱ्याचे जे चित्र उभे केले आहे ते खोटे आहे; आणि खोटे असल्यामुळेच ते वाङ्मय म्हणूनही कमअस्सल आहे. या आरोपातला पहिला आरोपी प्रस्तुत लेखक आहे, हे वर आलेच.

प्रवरा ही मराठी वाङ्मयाला अनोळखी नदी नव्हे. रतनगडाच्या कुशीत उगम पावून ती रतनवाडीच्या अमृतेश्वरापाशी उतरते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते, रंधा येथे कोसळते, अकोले, संगमनेर मागे टाकते आणि नेवाशावरून पुढे जाऊन प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. नेवाशाला काय घडले हे वाचकांना सांगायला नको. शके १२१२ मध्ये 'ज्ञानेश्वरी' सांगितली गेली ती याच नदीच्या काठी. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, त्या खांबावरून दुर्गाबाई भागवतांनी 'पैस' हा लेख लिहिला आणि १९७० च्या त्यांच्या संग्रहाचे नावही तेच ठेवले. त्याच काठावर नेवासे, जोर्वे आणि दायमाबादच्या उत्खननांनी ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. म्हणजे नदीच्या खालच्या टोकाला आपण तत्त्वज्ञान, इतिहास आणि पुरातत्त्व अशी तीन दालने उघडली. वरच्या टोकाला एकच पाटी लावली: 'निसर्गरम्य'. वास्तविक वर हरिश्चंद्रगड आहे, ज्याच्याशी चांगदेवांच्या 'तत्त्वसारा'ची रचना जोडली जाते. त्या गडाचे पाणी मुळेत जाते आणि मुळा पुढे प्रवरेलाच मिळते. एकाच नदीचे एक टोक अभ्यासाला नेमलेले आणि दुसरे सहलीला, ही वाटणी कोणी केली?

'निसर्गरम्य' या शब्दाची थोडी झडती घेऊ. भंडारदऱ्याच्या लेखांत तो हमखास तीन गोष्टींना चिकटलेला असतो: तळे, धबधबा आणि हिरवळ.

तळे निसर्गाचे नाही. ब्रिटिश अमदानीत १९१० साली बांधकाम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेल्या धरणाचा तो जलाशय आहे. धरणाला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले गेले आणि पाण्याला दुसऱ्या एका साहेबाचे. साठा ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. हे पाणी अडवले गेले ते सौंदर्यासाठी नव्हे, खालच्या सपाटीतल्या शेतीसाठी. प्रवरेच्या कालव्यांवर पुढे ऊस उभा राहिला, बेलापूरचा खाजगी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे अर्थकारण आणि राजकारण ज्या पाण्यावर वाढले, त्या पाण्याला आपण 'निळाशार आरसा' म्हणून मोकळे होतो. या आरशाच्या तळाशी दरीचा तळ आहे, म्हणजे दरीतली सगळ्यांत सपाट आणि सगळ्यांत चांगली जमीन. आणि आरशाच्या काठावरच्या, वरच्या अंगाच्या कितीतरी वाड्यांतल्या बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन झऱ्यांवर जातात. जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून वर्तमानपत्रे ज्या घाटघरचे कौतुक करतात ते याच खोऱ्यात आहे. पाऊस वरच्यांचा आणि पाणी खालच्यांचे, हा या नदीचा साधा हिशेब आहे. तो एकाही ललित लेखात मला आढळला नाही. माझ्या लेखात तर नव्हताच.

धबधब्याचे म्हणाल तर 'अंब्रेला फॉल' हा धरणाच्या मोरीतून सोडलेल्या पाण्याचा खेळ आहे. पाणी गोल कातळावरून पसरते आणि छत्रीचा आकार धरते. पाटबंधारे खात्याने मोरी उघडली की छत्री उघडते, बंद केली की मिटते. यात वाईट काही नाही. अभियंत्याच्या हातून नकळत झालेली ती देखणी वस्तू आहे. पण तिच्यापुढे उभे राहून 'निसर्गाची किमया' लिहिणाऱ्या लेखणीने निदान भिंतीकडे तरी बघायला हवे होते.

आता हिरवळ. जुलैतल्या भंडारदऱ्याबद्दल 'हिरवा शालू' आणि 'हिरवा गालिचा' या दोन प्रतिमा वगळून कोणी लिहून दाखवावे. हा शालू आभाळातून पडत नाही. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि फांद्या अंथरून राब भाजतात, त्यावर भाताचे रोप टाकतात, पाऊस लागला की खाचरे चिखलून गुडघाभर पाण्यात वाकून रोपे लावतात. याला तिथे आवणी म्हणतात. घरटी सगळे हात लागतात, शाळेतली मुलेही त्या दिवसांत शेतावर असतात. सहलींच्या गाड्या ज्या शनिवार-रविवारी येतात, नेमके ते आवणीचे दिवस. रस्त्यावरून छायाचित्र काढताना हिरव्या चौकटींत वाकलेल्या पाठी दिसतात. पण लिहिताना पाठी गळतात, हिरवा राहतो. त्या भाताला जाती आहेत, जातींना नावे आहेत. काळभात हा शब्द माझ्या विद्यार्थ्याला बोलायला लागल्यापासून माहीत होता, मला चाळिशीनंतर कळला. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणी जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा शालू नेसवायला बसलो.

याच वृत्तीचे उथळ टोक म्हणजे अतिशयोक्तीची पाटी. कळसूबाई हे 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट'. सांधण ही 'आशियातील दुसऱ्या क्रमांकाची दरी'. पहिली कोणती आणि मोजली कोणी, हे मी पाच-सहा ठिकाणी शोधले. सगळे एकमेकांकडून उतरवून घेतात. रतनगड हा 'महाराजांचा आवडता किल्ला' हेही वाक्य असेच फिरत असते, आणि त्याला आधार देण्याची गरज कोणालाच वाटलेली नाही. सांधण या शब्दातच भेग, फट हा अर्थ आहे. स्थानिकांनी एका शब्दात वर्णन करून ठेवले होते. आपण त्याला 'व्हॅली' जोडली आणि वर क्रमांक दिला.

परंतु ही सगळी किरकोळ पापे आहेत. मोठे पाप गडांच्या बाबतीत घडले आहे.

आपल्या दुर्गलेखनात गड ही राजांची वास्तू असते. राजा आला, राजा गेला, मग गड 'एकाकी' आणि 'उदास' झाला, आणि आता आपण आलो आहोत. मधल्या काळात तिथे कोणी नव्हते! प्रत्यक्षात या डोंगरांतले गड आणि घाट राखणे हे पिढ्यान्‌पिढ्या महादेव कोळ्यांचे काम होते. गड म्हणजे त्यांचा चरितार्थ, मान आणि वतन. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतले, शिबंदी मोडली आणि ठिकठिकाणच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. रतनगडाच्या नेढ्यातून उत्तरेला अलंग, मदन आणि कुलंग दिसतात. तिथल्या पायऱ्या याच वेळी तोडल्या गेल्या असे मानले जाते. आज आपण त्या ठिकाणी दोर बांधतो आणि त्याला 'थरारक टप्पा' म्हणतो. थराराला माझी हरकत नाही, मीही तिथे थरथरलो आहे. पण ज्या तुटलेल्या कातळावर आपण साहसाची हौस भागवतो, तिथे कोणाची तरी रोजी तुटली होती, ही गोष्ट वर्णनात यायला किती ओळी लागतात?

ती तुटल्यावर काय झाले याला इतिहास आहे. देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी १८४० च्या दशकात या डोंगरांत बंड उभारले, सावकारांच्या चोपड्या आणि कंपनीचे शिपाई दोन्ही अंगावर घेतले. १८४८ च्या आरंभी ते पंढरपूरला पकडले गेले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. त्यांचे वडील रामजीही आधीच्या बंडात होते. या लोकांवर पहिला विस्तृत वृत्तान्त लिहिला तो कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या कंपनीच्या अधिकाऱ्याने, १८३० च्या दशकात. बंडे मोडणे हा त्याच्या नोकरीचा भाग होता. त्याची दृष्टी शिकाऱ्याची होती हे उघड आहे. तरी कुळे, नाईक, चालीरीती, वैरे हे सारे त्याने टिपले आहे, कारण ज्यांना पकडायचे त्यांची नावे ठाऊक असावी लागतात. आपण प्रेमाने गेलो, आणि आपल्याला एकही नाव ठाऊक झाले नाही! साहेबाच्या शत्रुत्वात जेवढी चौकशी होती तेवढीही आपल्या निसर्गप्रेमात नसावी, हे मला अभ्यासक म्हणून लाजिरवाणे वाटते.

इथे 'वाटाड्या' या शब्दापाशी थांबावे लागेल. दुर्गवर्णनातले हे कायमचे पात्र. तो अनवाणी असतो, काटक असतो, त्याच्या कमरेला आकडी आणि कोयता असतो, तो मोजके बोलतो आणि शेवटी पैसे घ्यायला संकोचतो. त्याला नाव बहुधा नसते. आणि गंमत अशी की ज्या शब्दांवर आपले सगळे दुर्गगद्य उभे आहे ते शब्द त्याचे आहेत. नेढे, खुट्टा, नाळ, सोंड, पदर, घळ, बेचके: हे आपण कोशातून घेतले नाहीत, त्याच्या तोंडून घेतले. तो चालता चालता बोट दाखवून बोलला, आपण वहीत उतरवले, आणि छापताना त्याच्या शब्दांनी आपली शैली 'अस्सल मातीतली' ठरली. मराठी समीक्षेत उसनवारीची चर्चा इंग्रजीपासून संस्कृतपर्यंत होते. या उसनवारीवर मात्र एकही टिपण माझ्या वाचनात नाही.

वाटाड्याचे नाव न लिहिण्याची परंपरा जुनी असेल, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १६७९ मध्ये जालन्याची मोहीम आटोपून परतताना शिवाजी महाराज मोगली फौजांच्या कचाट्यात सापडले, तेव्हा आडवाटांनी लष्कर काढून पट्ट्यावर सुखरूप आणले ते बहिर्जी नाईकांनी. पट्टा याच अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे. महाराज तिथे विसावले म्हणून तो विश्रामगड. ही हकीकत सभासदाने आपल्या बखरीत बहिर्जींचे नाव घेऊन सांगितली आहे. सतराव्या शतकातल्या बखरकाराला, राजाचे चरित्र लिहीत असताना, वाट दाखवणाऱ्याचे नाव लिहावेसे वाटले. एकविसाव्या शतकातल्या ललित लेखकाला, स्वतःची शनिवार-रविवारची चाल लिहीत असताना, तेवढी जागा सापडत नाही.

(एक कबुली. गेल्या खेपेस ज्यांनी मला सांधणच्या वरच्या अंगाने नेले त्यांना मी नाव लिहू का म्हणून विचारले. "नको मास्तर," ते म्हणाले, "अभयारण्य आहे, उगीच कुणी वाचायचं." १९८६ पासून हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, स्वतःच्या गायरानात जाताना विचार करावा लागतो, हे त्यांच्या बोलण्यातून कळले. म्हणून त्यांचे नाव इथेही नाही. पण विचारून गाळणे आणि न विचारता गाळणे यांत फरक आहे, आणि विचारल्यामुळेच मला अभयारण्याबद्दलची गोष्ट कळली.)

गो. नी. दांडेकरांचे नाव घेतल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही, आणि त्यांच्यावर मी हा आरोप ठेवू शकत नाही. 'पवनाकाठचा धोंडी' ही प्रवरेच्या नव्हे, पवनेच्या काठची कादंबरी; पण तिचा नायक गडाचा वंशपरंपरागत हवालदार आहे आणि गडाशी त्याचे नाते हाच तिचा विषय आहे. 'माचीवरला बुधा' मध्ये राजमाचीच्या रानात परतणारा म्हातारा आहे. 'जैत रे जैत' ठाकरांची आहे. दांडेकरांच्या भावुकतेबद्दल तक्रारी असू शकतात, माझ्याही आहेत. बुधाच्या एकाकीपणात त्यांना जो आनंद वाटतो तो मला शहरातून गेलेल्या माणसाचा वाटतो. तरीही त्यांना एक गोष्ट ठाऊक होती: गडाला माणूस असतो. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांची 'दुर्गभ्रमणगाथा' उचलली आणि धोंडी तिथेच ठेवला. त्यांची वाट घेतली, त्यांची सोबत घेतली नाही. आपल्या विद्यापीठांतूनही दांडेकर शिकवताना कादंबरीकार दांडेकर एका प्रश्नपत्रिकेत आणि दुर्गयात्री दांडेकर दुसऱ्या, अशी विभागणी असते. त्यामुळे हे दोघे एकच गृहस्थ होते हे विद्यार्थ्याला कळायची सोय नाही.

कळसूबाईची गोष्ट या संदर्भात सांगितलीच पाहिजे. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरात ती थोडक्यात नोंदवलेली आहे. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी चाकरीला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस ठीक चालले. एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला सांगितले. तिने ती घासली, आणि तडक डोंगर चढून गेली, ती मरेपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, राहिली ती कळसूबाई.

मराठी कथेच्या अभ्यासकांनो, ही गोष्ट पुन्हा एकदा वाचा. महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराचे, १६४६ मीटर उंचीच्या, नाव एका मोलकरणीच्या नकारावरून पडले आहे. अट मोडली गेल्यावर ती भांडत नाही, रडत नाही. सांगितलेले काम पुरे करते आणि निघून जाते. तिच्या जाण्याच्या उंचीलाच आपण शिखर म्हणतो. इतकी कठोर, इतकी कमी शब्दांची गोष्ट आपल्या भाषेत किती आहेत? आणि भटकंतीच्या लेखांत तिचे काय होते? 'गावातली एक सून रुसून डोंगरावर गेली, अशी आख्यायिका आहे.' सून! रुसून! नोकरी गेली, अट गेली, भांडी गेली. शिखरावर सूर्योदय मात्र आला. रात्री बारीहून शिड्या चढून वर जायचे, सूर्योदय पाहायचा, उतरून न्याहारी करायची. ती न्याहारीची ताटे कोण घासते, हा प्रश्न त्या डोंगराच्या पायथ्याशी तरी सुचायला हवा.

तंबू, न्याहाऱ्या आणि वाहनतळ चालवणाऱ्या स्थानिकांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तसा अधिकारही नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचा चुलतभाऊ तळ्याकाठी तंबू लावतो आणि त्या पैशावर घर चालते. मे-जून महिन्यांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीच्या झाडांवर काजवे लागतात, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि वनखात्याला वेळेचे नि वाहनांचे निर्बंध घालावे लागतात. दिवे विझवा असे सांगत गावातली पोरे रस्त्यावर उभी असतात. आपल्या पुरवण्यांतले लेख त्या झाडांना 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. ज्या हिरड्यावर काजवा बसतो त्याचा बाळहिरडा वेचून, वाळवून विकण्यावर कित्येक घरांचे वर्षाचे मीठ-मिरची चालते. म्हणजे झाड तेच, पण त्यावर आपल्याला उपमा दिसते आणि त्यांना दर.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: ललित लेखनात समाजशास्त्र कशाला? वाचकाला आनंद हवा. या आक्षेपामागे अशी समजूत आहे की आनंद अज्ञानात असतो. दुर्गाबाईंनी एका दगडी खांबावर लिहिताना त्यामागचा इतिहास, दैवतशास्त्र आणि स्वतःची भावना यांतले काहीही टाकले नाही. त्यामुळे तो निबंध रुक्ष झाला असे अजून कोणी म्हटलेले नाही. उलट 'शालू' आणि 'गालिचा' वाचून गेल्या कित्येक वर्षांत कोणाला नवा आनंद झाल्याचे मला ठाऊक नाही. त्या प्रतिमा वाचल्या जात नाहीत, ओलांडल्या जातात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो त्या विद्यार्थ्यानेच घेतला. मी त्याला हे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आता तुम्ही सगळे आमच्यावर लिहिणार." त्याच्या स्वरात भीती होती. ती खरी आहे. माणसे चित्रात आणायची ठरवली की आपण 'भोळे', 'निरागस', 'निसर्गपुत्र' यांचे नवे गालिचे अंथरू लागतो. निर्मनुष्य दरीपेक्षा भोळ्याभाबड्यांची दरी काही फार बरी नव्हे. गोविंद गारे यांनी १९७४ साली 'सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी' हे पुस्तक दिले. ते याच समाजातले, आतून लिहिणारे. त्यात निरागसता नाही. जमीन, कर्ज, लग्नखर्च आणि शाळा आहे. ते आमच्या संशोधनाच्या कपाटात असते, साहित्याच्या नव्हे. मी त्याला एवढेच म्हणालो की आम्ही तुमच्यावर लिहावे असे नाही. आम्ही स्वतःवर लिहितो तेव्हा तुम्ही तिथे होतात हे लपवू नये. हे उत्तर त्याला पटले असे मला वाटत नाही.

वाटांचेही तेच आहे. आज आपण ज्यांना 'ट्रेक रूट' म्हणतो त्या साम्रदवरून करोळी घाटाने कोकणात उतरणाऱ्या, पाचनईहून हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या वाटा चालण्याच्या हौसेसाठी पडलेल्या नाहीत. त्या बाजाराच्या, सोयरिकीच्या, ढोरांच्या वाटा आहेत. लेक खाली कोकणात दिली की बाप त्या घाटाने उतरतो. कोकणकड्यावर दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रवज्राची गोष्ट आपण कर्नल साइक्सने ते पाहिले इथून सुरू करतो. जणू त्याआधी कड्यावर गुरे चारणाऱ्या कोणालाही डोळे नव्हते.

यंदा त्या अभ्यासपत्रिकेत मी माझा लेख काढून टाकला आहे. त्याऐवजी काय लावायचे याबद्दल विभागात अजून एकमत नाही. एका सहकाऱ्यांनी गॅझेटियरातला कळसूबाईचा उतारा सुचवला आहे. दुसऱ्यांना तो 'वाङ्मयीन नाही' असे वाटते. विद्यार्थ्यांना मी लेखी काम दिले: ओळखीच्या एका ठिकाणाचे वर्णन करा, 'रम्य' हा शब्द न वापरता. बहुतेकांनी रम्यच्या जागी 'मनोहर' घातला.

त्या मुलाने काम दिलेले नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो आलाच नव्हता. आला तेव्हा हातांना चिखलाने कुयली होती आणि बोटे चरचरत होती, म्हणून लिहिता येईना. मी मुदत वाढवून दिली. हजेरीच्या तक्त्यात त्या दहा दिवसांसमोर कारण लिहावे लागते. 'आजारी' की 'घरगुती', असे कारकुनाने विचारले. मी 'आवणी' सांगितले. त्याने शब्द दोनदा विचारून घेतला आणि लिहिला.